शिक्के गेले, ठसे आले

आज पुन्हा तेच! डब्लिनहून शेंगेनमध्ये (युरोपातल्या देशांचा सामायिक व्हिसाचा भाग, आयर्लंड त्यात नाही) उतरलो. नवऱ्याचा पासपोर्ट जर्मन, माझा आपला निळा भारतीय. दोघंही ईयूच्या (युरोपीय युनियनच्या) रांगेत, कुटुंबीयांना तशी मुभा आहे. काचेमागच्या बाईंनी माझी पानं चाळली, व्हिसा सापडेना, म्हणून सरळ बोटांचे ठसे घेणाऱ्या यंत्राकडे बोट दाखवलं.

मी आयरिश कार्ड पुढे सरकवलं. युनियनच्या नागरिकाचा कुटुंबीय म्हणून मिळालेलं हे कार्ड असलं की पासपोर्टवर शिक्का मारायचा नाही, हे ईयूच्या 2004 च्या 38 क्रमांकाच्या निर्देशात, पाचव्या कलमात आहे. ऑक्टोबर 2025 पासून शिक्क्यांच्या जागी आलेल्या ठशांच्या नोंदीतूनही सूट. उगाच नोंद झाली की 180 दिवसांत 90 दिवसच राहायच्या पाहुण्यांच्या मर्यादेचं मीटर सुरू, मग पुढच्या वेळी खुलासे देत बसा. (कलमाची प्रिंट पर्समध्येच असते, लिपस्टिकशेजारी. घडी पडून पडून फाटत आलीये.)

बाईंनी फोन लावला, कार्ड उलटंपालटं केलं, शेवटी "ओके". नवरा तोवर पलीकडे बॅगवर बसून केळं खात होता.

रात्री आईचा व्हिडिओ कॉल. "एवढी हिंडतेस, दाखव बघू शिक्के!" दाखवली पानं. "अगं, हे तर कोरंच!"