वीस गुंठ्यांची वाडी : मेच्या पाण्यावरून ठरलेला आराखडा

कुडाळ तालुक्यातल्या आमच्या वीस गुंठ्यांचा आराखडा अखेर कागदावर उतरला. स्वयंपूर्ण वाडी म्हटलं की शेळ्या किती, कोंबड्या किती, इथूनच गप्पा सुरू होतात. मी सुरुवात विहिरीपासून केली. कोकणात पाऊस तीन हजार मिलिमीटरच्या घरात, पण जांभ्यात तो थांबत नाही. मेमध्ये आमची विहीर दिवसाला सातशे-आठशे लिटर झिरपते. त्यातले चारशे घराला लागतात. उरलेल्या पाण्यात जे जगेल तेवढंच वाडीत ठेवायचं.

एक गुंठा भाजीला उन्हाळ्यात रोज साधारण पाचशे लिटर पाणी लागतं (एका गुंठ्यावर एक मिलिमीटर पाणी म्हणजे शंभर लिटर). म्हणून वायंगणी (पावसाळ्यानंतर पाणी घालून घेतलेली) भाजी अर्धाच गुंठा: लाल माट, मुळा, मिरची आणि मांडवावर दोडकी, पडवळ. बाकी भार पावसाळी पिकांवर. दहा गुंठे भात. तिथून अडीचशे किलोपर्यंत तांदूळ धरलाय, म्हणजे चौघांचे सात-आठ महिने निघावेत. भात कापल्यावर उरलेल्या ओलीवर कुळीथ आणि चवळी. कडेने सुरण, कणगर, करांदे. स्वयंपूर्णतेच्या चर्चेत कंदांना कुणी विचारत नाही याचं मला मनापासून वाईट वाटतं. ते मृगात लावायचे, थंडीत काढायचे, आणि पाणी घालायचा प्रश्नच येत नाही.

शेळ्या दोनच, कोकण कन्याळ. ही जात इथल्या पावसात टिकते. बोकड पाळणार नाही, गावात आहे. दोघींना मिळून दिवसाला सात-आठ किलो हिरवा पाला हवा, आणि खरी कसोटी एप्रिल-मेमध्ये, कारण तेव्हा गवत वाळलेलं असतं. जुने दोन फणस तेव्हाही हिरवे असतात, त्यांच्या डहाळ्या आहेत. शिवाय दक्षिणेकडच्या गडग्याला (दगडी कुंपणाला) लागून गिरिपुष्प (ग्लिरिसिडिया) आणि पांगाऱ्याचं जिवंत कुंपण घालतोय. त्यातून शेळीला चारा, भाताच्या चिखलणीला हिरवळीचं खत, आणि पांगाऱ्यावर पुढे मिरवेल (काळ्या मिरीचा वेल). गिरिपुष्पाचा पाला शेळ्या ताजा हुंगून सोडतात, काही तास सुकवला की खातात. गोठ्याची जमीन फळ्यांची, उंचावर. लेंड्या खाली पडतील आणि पावसात खूर कोरडे राहतील. आंत्रविषार (आतड्यातल्या विषारी जंतूंचा रोग) आणि पीपीआरची (शेळ्यांच्या साथीच्या विषाणूजन्य रोगाची) लस पावसाआधी टोचून घ्यायची.

कोंबड्या गावठीच, कारण त्या खुडूक बसतात, म्हणजे अंडी स्वतः उबवतात, आणि पिल्लांसाठी विजेची पेटी लागत नाही. पिल्लांना पहिल्या आठवड्यात लासोटा, म्हणजे राणीखेत रोगाची लस. खुराड्याला अर्ध्या इंचाची जाळी, तीही जमिनीत फूटभर पुरून. मुंगूस खालून उकरतो.

वानरांवर मात्र अजून तोडगा नाही. केळी घराजवळ घेतल्या आहेत, एवढंच.

या आठवड्यात गिरिपुष्पाच्या काठ्या तोडायच्या आहेत. कुणी पांगारा आणि गिरिपुष्प आलटून-पालटून लावलं असेल, तर अंतर किती ठेवलंत ते कळवा. मी दीड फूट धरलंय.