गोळी बरोबर, पाकीट चुकीचं

आईला संधिवातासाठी मेथोट्रेक्सेट सुरू झालं. ही गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची असते आणि डॉक्टरांनी चिठ्ठीवर तसंच लिहिलं होतं. ऐरोलीतल्या औषधवाल्याने मात्र पाकिटावर निळ्या पेनाने खरडलं: 1-0-0. म्हणजे रोज सकाळी एक. आई पाकीट बघून घेत राहिली. डॉक्टरचं अक्षर घरी कोण वाचत बसतं? तोंडभर फोड, ताप, पांढऱ्या पेशी एकदम खाली. रुग्णालयात उतारा म्हणून फोलिनिक ॲसिड दिलं, तेव्हा सावरली.

नातेवाइकांचं एकच पालुपद: कंपनीवर केस ठोका. ग्राहक संरक्षण कायदा, 2019 मध्ये सदोष उत्पादनाच्या भरपाईची तरतूद आहे खरी. पण त्यातलंच कलम 87 सांगतं की औषध तज्ज्ञाच्या देखरेखीखालीच द्यायचं असेल आणि कंपनीने त्या तज्ज्ञाला नीट सूचना दिल्या असतील, तर 'आम्हाला इशारा दिला नाही' म्हणून कंपनीला धरता येत नाही. शिवाय गोळीत खोट नव्हतीच. डॉक्टरांना ओढण्यातही अर्थ नव्हता. उरला दुकानदार, आणि त्याच्याविरुद्धचा पुरावा म्हणजे ते कळकट पाकीट. भाऊ ते कचऱ्यात टाकायला निघाला होता!

रुग्णालयाकडे केस पेपर लेखी मागितले. 72 तासांत द्यावे लागतात. थोडी टोलवाटोलवी झाली, पण मिळाले. डिस्चार्ज कार्डावर 'मेथोट्रेक्सेट टॉक्सिसिटी', म्हणजे या औषधाची विषबाधा, असं स्पष्ट लिहिलं होतं, निम्मं काम तिथेच झालं. एफडीएच्या (अन्न व औषध प्रशासन) ठाणे कार्यालयातही तक्रार दिली. ते परवान्याचं बघतात, भरपाई मिळवून देत नाहीत.

भरपाईसाठी बेलापूरला कोकण भवनातला अतिरिक्त जिल्हा ग्राहक आयोग. मुदत दोन वर्षांची, वकील सक्तीचा नाही. आयोगाची फी आपण मोजलेल्या किमतीवर ठरते, मागितलेल्या भरपाईवर नाही. 5 लाखांपर्यंत शून्य. गोळ्यांची किंमत ती काय!

दुकानदाराला उत्तरासाठी 30 दिवस, फार तर आणखी 15. 'तोंडी सांगितलं होतं', असं त्याने लिहून दिलं. पाकिटाची प्रत समोर ठेवल्यावर मध्यस्थीला तयार झाला. रुग्णालयाचं बिल आणि वर थोडी रक्कम, यावर मिटलं. आईला ती कमी वाटली. मलाही.