कागदावर सही कोणाची?

जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेच्या केंद्र सरकारने शाळा, रुग्णालये आणि प्रार्थनास्थळांच्या आवारात स्थलांतरविषयक कारवाई टाळण्याचे आधीचे धोरण रद्द केले आणि थोड्याच दिवसांत माझ्या मुलीच्या वर्गातील एक मुलगी शाळेत येईनाशी झाली. आम्ही कॅलिफोर्नियात एच-वन-बी व्हिसावर राहतो. आमची कागदपत्रे व्यवस्थित आहेत. तरीही अधिकारी दारात आले तर शाळा काय करणार, हे लेखी मिळावे म्हणून मी फेब्रुवारीत अर्ज दिला.

उत्तर मात्र मिळेना. शाळेने डिस्ट्रिक्टच्या, म्हणजे भागातल्या सरकारी शाळांचा कारभार पाहणाऱ्या संस्थेच्या, कार्यालयाकडे बोट दाखवले आणि डिस्ट्रिक्टने वकिलांकडे. एप्रिलमध्ये आलेल्या पत्रात सर्व मुलांचे स्वागत होते, पण शाळेच्या दर्शनी कार्यालयात बसणाऱ्या बाईंनी काय करायचे, याबद्दल एक ओळही नव्हती. मी ते पत्र घेऊन त्यांच्याकडेच गेले. त्यांनी हळू आवाजात विचारले, "वॉरंट पुढे केले, तर मी नाही कशी म्हणू?"

सारे घोडे तिथेच अडले होते. स्थलांतर खात्याच्या वॉरंटवर त्याच खात्याच्या अधिकाऱ्याची सही असते आणि तेवढ्यावर वर्गापर्यंत जाण्याचा अधिकार मिळत नाही. त्यासाठी न्यायाधीशाच्या सहीचे वॉरंट किंवा न्यायालयाचा आदेश लागतो. कागदाच्या माथ्यावर न्यायालयाचे नाव आहे की होमलँड सिक्युरिटी खात्याचे (स्थलांतर खाते त्याच्याच हाताखाली येते), आणि खाली सही कोणाची, हे आधी पाहायचे. दहा मिनिटांत सांगता येणारी ही गोष्ट त्या बाईंना सात महिने कोणी सांगितली नाही, याचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही.

सप्टेंबरमध्ये गव्हर्नर गॅव्हिन न्यूसम यांनी शाळांसाठी एबी ४९ आणि रुग्णालयांसाठी एसबी ८१ या विधेयकांवर सह्या केल्या, तेव्हा कुठे अधिकारी आले तर काय करायचे, याची लेखी सूचना शाळेत आली. आता ती बाईंच्या खणात, प्लॅस्टिकच्या पाकिटात, वॉरंटच्या दोन नमुन्यांसह आहे. ती पाहून मला फार बरे वाटले.

अर्ज नेहमी ईमेलने करावा; माझा पहिला कागद हरवला होता. वाहनतळ आणि दर्शनी भाग सर्वांना खुले असल्याने तिथे हे संरक्षण तितके लागू पडत नाही, हेही पालकांनी ध्यानात ठेवावे. शिवाय मुलांचे नाव, पत्ता, फोन ही 'डिरेक्टरी' माहिती बाहेर देऊ नये, असे लेखी कळवता येते. ते मी फेब्रुवारीतच करायला हवे होते. आणि आपत्कालीन संपर्काच्या फॉर्मवर आई-वडिलांखेरीज आणखी दोन विश्वासू माणसांची नावे आजच भरावीत.