खालून येणारा पाऊस

कॅमेरा पावसापासून वाचवायचा म्हणजे वरून झाकायचा, अशी माझी पक्की समजूत होती. कावळेसादला ती मोडीत निघाली.

आंबोलीजवळच्या गेळे गावात हा पॉइंट आहे. जुलैत कोकणातून येणारं वारं दरीच्या भिंतीवर असं आदळतं, की खाली पडणारं धबधब्याचं पाणी उडून परत कठड्यावर येतं. मी जय्यत तयारीत होतो. कॅमेऱ्यावर प्लास्टिकचं कव्हर, लेन्सच्या तोंडाला हूड, म्हणजे पुढं आलेली कडा, आणि छत्री धरायला मेहुणा. पहिल्याच झोताला छत्री उलटी झाली आणि मेहुणा तिच्यामागं पळाला. पाणी समोरून आलं तर हूड म्हणजे नुसती वाटी, हेही तेव्हाच कळलं. कव्हरमध्ये हात घालायला खाली जी फट असते, तिच्यातूनच पाणी आत शिरलं. मनगटापासून कोपरापर्यंत गार ओघळ आला तेव्हा लक्षात आलं, की आता कॅमेराही भिजतोय.

तिथून परतताना रस्त्याकडेला एक आजोबा म्हशी राखत उभे होते. डोक्यावर इरलं, वाऱ्याकडं पाठ, पुढं बिडी. बिडी पेटलेली! माझा अवतार बघून म्हणाले, "अरे, तेका पण एक इरला घाल मगे."

इरलं नव्हतं, पण पाठ होती. तेव्हापासून पावसात माझा पहिला नियम एकच: वाऱ्याकडं पाठ करायची आणि कॅमेरा पोटाशी धरायचा. कावळेसादला अडचण अशी, की दृश्य असतं वाऱ्याच्याच दिशेला. तिथं मी पाठमोरा उभा राहून एक्स्पोजर, फोकस सगळं आधी ठरवून ठेवतो. वारं जरा दम खातं तेव्हा वळायचं, चार फ्रेम घ्यायच्या आणि परत पाठ. लेन्स पुसायला जुना सुती पंचा बरा. पण तो कोरडा हवा, म्हणून दोन-तीन तुकडे वेगवेगळ्या झिपच्या पिशव्यांत ठेवतो. एकच मोठा पंचा नेला की तो पहिल्या दहा मिनिटांत पोतेरं होतो.

कव्हरचं म्हणाल तर महागडं घेऊन पाहिलं, पण माझं मन साध्या जाड पिशवीवरच बसलंय. तळाला लेन्सपुरतं भोक पाडायचं, हूडवर रबरबँडनं आवळायचं. डोळा लावायच्या खिडकीवर, म्हणजे व्ह्यूफाइंडरवर, हॉटेलातली शॉवर कॅप. बायको प्रत्येक हॉटेलात ती आधी ताब्यात घेते, कारण मी तिला कधी वापरू देत नाही.

पाणी खालून उडतं ते सड्यावरही, म्हणजे डोंगरावरच्या सपाट कातळावरही. आंबोली टोड नावाचा इवलासा भेक आहे. 2009 साली शास्त्रज्ञांनी त्याचं वेगळी जात म्हणून वर्णन केलं. तो या भागातल्या सड्यांवरच सापडतो आणि पहिल्या पावसात साचलेल्या उथळ डबक्यांत अंडी घालतो. त्याच्या डोळ्याच्या उंचीवरून फोटो हवा तर जांभ्यावर पालथं पडावं लागतं. दगडावर आपटलेला थेंब बरोबर कॅमेऱ्याच्या पोटाला लागतो, आणि बॅटरीचं झाकण नेमकं तिथंच असतं. आता खाली रबरी पायपुसण्याचा कापलेला तुकडा टाकतो. भेकाला त्रास होऊ नये म्हणून तो टाकण्याआधी जागा नीट बघायची, आणि फ्लॅशचा भडिमारही करायचा नाही. फ्लॅशच्या बुडात पाणी गेलं की तो आपोआप चमकायला लागतो, हे मात्र अनुभवाचे बोल.

पण माझं सगळ्यात मोठं नुकसान पावसानं केलं नाही, झूमनं केलं. लेन्सची नळी पुढं आली, तिच्यावर थेंब बसले आणि मी न पुसताच ती मागं घेतली. ती मागं जाते तेव्हा ओलाव्यालाही आत घेऊन जाते. वर गाडीत एसी लावून आलो होतो. गार काच बाहेरच्या दमट हवेत आली की तिच्यावर दव धरतं. मी बाहेरून पुसत बसलो आणि दव होतं आत! आता घाट चढायला लागलो की एसी बंद, मग कुणी कितीही कुरकुर करो. घरी आल्यावर मी ती लेन्स बॅगेतच ठेवली, हे त्याहून वाईट. ओली बॅग, बंद चेन, अंधार. बुरशीला आणखी काय पाहिजे? ऑक्टोबरात उजेडाकडं धरून बघितलं तर आत कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक रेषा. दुरुस्तीवाल्यानं साफ केली, पण काचेवरच्या लेपाला पडलेला डाग गेला नाही. सूर्यासमोर धरली की फोटो अजून धुरकट येतो.

कॅमेरा भिजलाच तर बॅटरी काढायची आणि चालू करून बघायचा मोह आवरायचा, एवढं मी पाळतो. तांदळाच्या डब्यात मात्र ठेवत नाही. पीठ आत जातं, फायदा काही दिसत नाही. हवाबंद डबा आणि त्यात ओलावा शोषणारे सिलिका जेलचे मणी, बस. निळे मणी गुलाबी झाले की त्यांनी पोटभर पाणी प्यालेलं असतं. मग मंद आचेवर परतून निळे करून घ्यायचे. मागच्या आठवड्यात परतत होतो तर आई म्हणाली, "उपास आहे का रे आज?" तो जुना तवा आता खुणेचा दोरा बांधून माळ्यावर ठेवलाय. त्यावर भाकरी टाकायची नाही, असं घरात जाहीर केलंय.