ओ'हाराजची रांग: काळी बिअर जड असते, हे कुणी सांगितलं?

गिनेस आणि मर्फीज या दोन आयरिश स्टाउट (भाजलेल्या धान्याच्या काळ्या बिअर) शेजारी ठेवून पिऊन झाल्यावर पुढचं ठरलेलंच होतं: एखादी लहान ब्रुअरी धरायची आणि तिच्या बाटल्या ओळीने चाखायच्या. आयर्लंडमधल्या कार्लो गावची ओ'हाराज निवडली. डब्लिनमध्ये जवळजवळ कुठल्याही ऑफ-लायसन्समध्ये (दारूच्या दुकानात) ती सापडते. (नवीन आलेल्यांसाठी: इथे दुकानातली दारूविक्री रात्री १० ला बंद होते. पाहुणे घरी आल्यावर बाटल्या आणायला निघणाऱ्यांनी घड्याळ बघून निघावं.)

शेमस आणि एमन ओ'हारा या भावांनी १९९६ मध्ये कार्लो गावात, रेल्वेच्या जुन्या दगडी मालगोदामात हे काम सुरू केलं. २००९ मध्ये ब्रुअरी जवळच्याच बॅगनल्सटाउनला गेली. लहान ब्रुअरींना अबकारी करात सवलत मिळाली ती २००५ मध्ये, म्हणजे पहिली नऊ वर्षं यांनी तिच्याशिवायच काढली. त्यात गिनेसच्या देशात स्वतःची स्टाउट विकायची, म्हणजे कोल्हापुरात जाऊन तांबडा रस्सा विकण्यासारखंच. तरी २००० साली यांच्या स्टाउटने ब्रुइंग उद्योगाच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धेत सुवर्णपदक मारलं.

सुरुवात आयरिश रेडने, ४.३ टक्के. रंग तांबूस तपकिरी, वास टॉफीचा, पहिला घोट गोडसर. गिळताना मात्र भाजलेल्या धान्याचा कोरडेपणा येतो आणि गोडवा तिथेच थांबतो. रेडमध्ये भाजलेली बार्ली चिमूटभर टाकतात, रंगासाठी आणि या कोरड्या शेवटासाठी. स्वस्त रेड नुसती कॅरॅमलची गोळी चघळल्यासारखी लागते. हिच्यात तो दोष नाही. पण जीव जडावा असंही काही नाही.

पेल एल, ५.२ टक्के. अमेरिकी हॉप्स (बिअरला कडूपणा आणि वास देणारी फुलं), ग्रेपफ्रूटची साल, बऱ्यापैकी कडू, बिस्किटासारखा माल्ट (मोड आणून वाळवलेली बार्ली). चांगली आहे. पुण्यामुंबईतल्या मायक्रोब्रुअरीत बसणाऱ्यांना यात नवीन काही सापडणार नाही, म्हणून पुढे जातो.

आता स्टाउट. हिच्यासाठीच हा घाट घातला होता.

बाटलीतली ओ'हाराज स्टाउट ४.३ टक्के, गिनेस ड्राफ्ट ४.२. आपल्याकडच्या साध्या लागरमध्ये ५ च्या आसपास अल्कोहोल असतं आणि 'स्ट्राँग' म्हणून विकतात त्यात ८ पर्यंत. तरी घरी आलेला प्रत्येक मित्र काळा ग्लास बघून विचारतोच, "हे जेवणाआधी कसं जाईल?" रंगाचा आणि जडपणाचा संबंध नाही. रंग येतो तो थोड्याशा भाजलेल्या बार्लीतून. ड्राय स्टाउटच्या पाककृतींत ती साधारण दहा टक्के असते, बाकी बहुतेक नेहमीचाच फिका माल्ट. बार्लीला मोड न आणताच ती कॉफीसारखी काळी होईपर्यंत भाजतात, म्हणून चवही कॉफीकडे झुकते. १८८० पर्यंत कर माल्टवर होता आणि बिनमाल्टचं धान्य वापरायला बंदी होती. ब्रिटिश पंतप्रधान ग्लॅडस्टनने कर माल्टवरून उचलून बिअरवर ठेवला आणि या भाजलेल्या बार्लीला वाट मोकळी झाली.

मग जडपणाचा भास येतो कुठून? माझ्या मते नायट्रोजनमधून. नळाच्या स्टाउटसाठी जो गॅस वापरतात त्यात साधारण तीन भाग नायट्रोजन आणि एक भाग कार्बन डायऑक्साइड असतो. नायट्रोजन द्रवात फार कमी विरघळतो, त्याचे बुडबुडे बारीक, म्हणून फेस सायीसारखा दाट आणि घोट मऊ. जिभेला टोचणारा गॅसही कमी. हा मऊपणा आपण 'भरलेपणा' समजतो. ओ'हाराजच्या बाटलीत नायट्रोजन नाही, नुसता कार्बन डायऑक्साइड आहे. फेस तपकिरी, जरा मोठ्या बुडबुड्यांचा आणि लवकर बसणारा. पण तो मऊ पडदा बाजूला झाला की चव उघडी पडते: आधी कडक एस्प्रेसो, मग हॉप्सचा मातकट, हिरवट कडूपणा, आणि शेवट इतका कोरडा की पुढचा घोट घ्यावाच लागतो. बॉडी हलकीच आहे. ज्यांना गिनेस 'पाणचट' वाटते त्यांनी ही घ्यावी, आणि ज्यांना 'जड' वाटते त्यांनीही.

तापमान मात्र सांभाळा. थेट फ्रीजमधून काढलेली बाटली ग्लासात ओतली तर कडूपणाच पुढे येतो आणि कॉफी लपते. बाहेर काढून थोडी थांबू दिली, १० ते १२ अंशांवर आली, की तीच बिअर ओळखू येत नाही.

यानंतर ल्यान फलॉइन, ६ टक्के, यांची एक्स्ट्रा स्टाउट. इथे खरोखर वजन आहे. डार्क चॉकलेट, थोडा मनुकांचा गोडवा, तेलकट म्हणावा असा घोट, आणि त्या सगळ्याला सावरून धरणारा भरपूर कडूपणा. इम्पीरियल स्टाउटांच्या (जास्त अल्कोहोलच्या, दाट स्टाउटांच्या) फॅशनमध्ये व्हॅनिला, नारळ, केक काय वाटेल ते घालतात; हिच्यात त्यातलं काही न घालता एवढी खोली आहे. माझ्या यादीत ही पहिली.

सोबत काय खायचं यावर इथले लोक ऑयस्टर किंवा ब्राउन ब्रेड-चेडर सांगतात, आणि दोन्ही जमतं. पण ल्यान फलॉइनसमोर मी सुकं मटण ठेवलं आणि बाकीचं बंद केलं. भाजलेलं खोबरं आणि कांदा, भाजलेली बार्ली, दोघांची चव एकाच दिशेने जाते आणि बिअरचा कोरडेपणा तेल कापतो. तिखट मात्र हात राखून घाला, हॉप्सचा कडूपणा तिखटाला आणखी चढवतो.

डबल आयपीए (भरपूर हॉप्सची कडक पेल एल), ७.५ टक्के, मुद्दाम वेगळ्या संध्याकाळी ठेवली, कारण तिच्यानंतर जीभ कशाच्याच कामाची राहत नाही. राळेसारखा वास, संत्र्याचा मुरंबा, अल्कोहोलची ऊब स्पष्ट. निम्मी बाटली मजेत गेली, उरलेली निम्मी मित्राच्या ग्लासात.

पुढच्या नोंदीत ओ'हाराजचीच स्टाउट पबमधल्या नायट्रो नळावरची आणि बाटलीतली, लागोपाठ. नायट्रोजनबद्दल वर जे ठासून लिहिलंय ते तिथे तपासायचंय. ज्यांना पुण्यात किंवा मुंबईत नायट्रोवरची स्टाउट मिळते त्यांनी आपल्या नोंदी पाठवा, ग्लास किती थंड होता तेही लिहा.