माझा अनुभव : १७ नंबरचा फॉर्म, बीजगणित आणि कंसाच्या आधीचं मायनस

१७ नंबरचा फॉर्म भरून, म्हणजे शाळेत न जाता बाहेरून दहावी करणाऱ्यांसाठी लिहितेय, त्यातही ज्यांची शाळा सुटून माझ्यासारखी बरीच वर्षं झालीत त्यांच्यासाठी. फॉर्म, कागदपत्रं, हॉल तिकीट हे सगळं होऊन जातं, त्यावर सांगणारे खूप आहेत. इतिहास-भूगोल वाचून होतो. अडतं ते बीजगणिताला, आणि बीजगणितात पण एकाच जागी, आणि त्या जागी मला क्लासमध्ये जे ऐकून घ्यावं लागलं त्याचा राग अजून गेलेला नाही, म्हणून आधी तेच.

फळ्यावर गणित होतं, ५क्ष – २(३क्ष – ४), सरळरूप द्या. आणि लगेच खालच्या ओळीत उत्तर, –क्ष + ८. मधलं काहीच नाही. मी विचारलं, सर, कंसात तर वजा ४ आहे, मग अधिक ८ कुठून आलं? तर म्हणाले, "ताई, कंसाआधी मायनस असलं की चिन्हं बदलतात, हे सातवीचं आहे, पाठ करून टाका." बदलतात हे मला दिसत होतंच हो, का बदलतात हे हवं होतं. परत विचारलं तर परत तेच, वर "आपल्याला सिलॅबस संपवायचाय". गाईड उघडलं तर तिथे पण "कंस सोडवून" एवढं लिहून पुढची ओळ. फी भरून, दुकान बंद ठेवून आलेल्या बाईला हे उत्तर? मला ते आजही पटत नाही.

आणि पाठ केल्याने काय होतं तेही बघितलं. क्लासमधली कितीतरी पोरं पहिल्याच पदाला गुणायची, २ गुणिले ३क्ष केलं की संपलं, ४ तसाच राहायचा. काही जण कंसाच्या बाहेर, पुढे असलेल्या पदाचं पण चिन्ह बदलून मोकळे व्हायचे, कारण "चिन्हं बदलतात" एवढंच डोक्यात, कुणाची ते माहीत नाही.

मला उलगडा झाला तो माझ्या शिवणाच्या दुकानात. ब्लाउजची शिलाई ३००, ओळखीची म्हणून ४० सूट, बाईने ५०० ची नोट दिली. परत किती द्यायचे? २४०. मी हिशोब काय केला, ५०० मधून ३०० काढले, २०० राहिले, आणि मग ४० वर टाकले, कारण पूर्ण ३०० मी घेतलेच नव्हते, ४० जास्त कापले गेले होते ते परत द्यायला हवेत. हे कागदावर लिहिलं तर ५०० – (३०० – ४०) = ५०० – ३०० + ४०. वजाच्या आत जे वजा होतं ते अधिक होऊन बाहेर आलं, आणि ते मी रोज करतेय! सूट वजा केली असती तर १६० परत दिले असते आणि बाई भांडली असती. आता अशी दोन गिऱ्हाइकं असतील तर दोनदा ३०० जातील आणि दोनदा ४० परत येतील, म्हणजे – २(३०० – ४०) = – ६०० + ८०. आता ३०० च्या जागी ३क्ष आणि ४० च्या जागी ४ ठेवा. झालं. बाहेरचा २ आतल्या प्रत्येकाकडे जातो आणि आपलं मायनस सोबत घेऊन जातो, यालाच पुस्तकात वितरण गुणधर्म म्हणतात. दोन मिनिटं लागली असती हे सांगायला.

नंतर वाचलं की ब्रह्मगुप्ताने इ.स. ६२८ च्या ब्राह्मस्फुटसिद्धांतात धन आणि ऋण हेच शब्द वापरून हे नियम लिहिलेत, ऋण गुणिले ऋण म्हणजे धन. पैसे आणि कर्ज. वाचून इतकं बरं वाटलं की आपण विचारत होतो ते काही येडगळ नव्हतं.

माझी पद्धत सांगते. मी मायनस कधी एकटं सोडत नाही, ५क्ष + (–२)(३क्ष – ४) असं लिहून घेते, मग बाहेरच्या –२ पासून आतल्या दोन्ही पदांकडे पेन्सिलने बाण काढते, ५क्ष – ६क्ष + ८, आणि मग सजातीय पदं, म्हणजे क्ष-वाली क्ष-वाल्यांशी, एकत्र. एक ओळ जास्त जाते, जाऊ दे. बोर्डात स्टेप्सना मार्क असतात.

हो, कंचेभागुबेव (कंस, चे, भागाकार, गुणाकार, बेरीज, वजाबाकी, या क्रमाने सोडवायचं) मुळे पण गोंधळ होतो. त्यात कंस पहिला, पण ३क्ष – ४ मध्ये आत करायला काहीच नसतं, एक क्ष-वालं आणि एक नुसता आकडा, विजातीय पदं, त्यांची वजाबाकी होत नाही. म्हणूनच बाहेरच्याला आत जाऊन गुणावं लागतं. हे कळलं की कुठे वितरण लावायचं हा प्रश्नच राहत नाही. फक्त आत गुणाकार असेल तर लावायचं नाही हं, २(३क्ष × ४) मध्ये २ एकदाच गुणला जातो.

ताळा नक्की करा. क्ष च्या जागी २ घाला. १० – २(६ – ४) = ६, आणि –२ + ८ पण ६. शून्य घालू नका, क्ष-वाल्या पदातली चूक लपते. १ पण नको, क्ष आणि क्ष चा वर्ग सारखेच दिसतात.

दहावीला हे सगळं अंकगणिती श्रेढीत, म्हणजे दर वेळी तेवढ्याच फरकाने वाढणाऱ्या किंवा कमी होणाऱ्या आकड्यांच्या रांगेत, परत भेटतं. २०, १७, १४... चं न-वं पद काढा. २० + (न – १)(–३), इथे मी थांबले नाही, २० – ३न + ३, म्हणजे २३ – ३न. न ला १ घालून बघितलं, २० आलं. परीक्षेच्या हॉलमध्ये असंच एक गणित सुटलं तेव्हा इतका आनंद झाला म्हणून सांगू! बीजगणितात ४० पैकी ३१ आले.

एक राहिलंच, अपूर्णांकाची आडवी रेघ हाही कंसच असतो, फक्त काढलेला नसतो. क्ष मधून, रेघेच्या वर क्ष – ३ आणि खाली २ असा अपूर्णांक वजा करायचा असेल तर आधी अंशाला स्वतःच्या हाताने कंस घाला, मग छेद सारखा करा, [२क्ष – (क्ष – ३)] भागिले २, म्हणजे (क्ष + ३) भागिले २. गाईडमध्ये तो कंस बहुतेक वेळा छापलेला नसतो.