मतं कुलुपात असताना धारूरला

2 डिसेंबर 2025 ला नगरपालिकांचं मतदान झालं. मोजणी दुसऱ्याच दिवशी व्हायची होती, ती उच्च न्यायालयाच्या आदेशाने 21 तारखेवर गेली. मधले अठरा दिवस, म्हणजे कुरुक्षेत्राइतकेच, यंत्रं कुलुपात आणि गावं हॉटेलात. त्याच दिवसांत मी बीड जिल्ह्यातल्या धारूरला दोन दिवस घालवून आलो. मतदानोत्तर चाचण्या जाहीर करायला 20 तारखेपर्यंत बंदी होती. सुशीलाच्या, म्हणजे इथल्या चुरमुऱ्यांच्या न्याहारीच्या, प्लेटीवर रोज सकाळी जी चाचणी व्हायची तिला कोण बंदी घालणार?

आधी जाण्याचं सांगतो. रेल्वेने परळी वैजनाथला उतरायचं आणि पुढे एसटी धरायची. बीडकडून आलात तर तेलगाव सोडल्यावर धारूरचा घाट लागतो. तो अरुंद आहे, आणि हंगामात उसाच्या ट्रॉल्या असतात, तेव्हा उजेडातच चढा. मुक्काम मी अंबाजोगाईत केला. तिथे लॉज बऱ्यापैकी मिळतात.

निघण्याआधी माजलगाव मतदारसंघाचा फॉर्म 20 काढून घेतला होता. धारूर याच मतदारसंघात येतं. राज्याच्या मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांच्या संकेतस्थळावर तो मिळतो आणि केंद्रनिहाय कुणाला किती मतं पडली ते त्यात असतं. तो कागद खिशात असला की हॉटेलातल्या बढाया निम्म्या ओळखू येतात. नगरपालिकेला मात्र तो लावू नका. तिथला आयोग वेगळा, प्रभाग वेगळे.

आता मुख्य गोष्ट. 'हे गाव कुणाचं?' हा प्रश्न घेऊन मी गेलो होतो आणि पहिल्याच दिवशी तो निकामी झाला. बीड लोकसभेच्या 2014 च्या पोटनिवडणुकीत प्रीतम मुंडे जवळजवळ सात लाखांच्या फरकाने निवडून आल्या होत्या. दहा वर्षांनी त्याच जागेवर पंकजा मुंडे 6,553 मतांनी पडल्या. माजलगाव विधानसभेला 2014 ला कमळ आलं, 2019 आणि 2024 ला घड्याळ. पण या दोन वेळचं घड्याळ एकाच बाजूच्या भिंतीवर नव्हतं. ऑक्टोबर 2023 मध्ये आरक्षण आंदोलनात आमदार प्रकाश सोळंके यांचं माजलगावचं घर जाळलं गेलं. सात महिन्यांनी लोकसभेत जिल्ह्याने महायुतीला पाडलं, आणि आणखी सहा महिन्यांनी याच मतदारसंघाने महायुतीच्या त्याच सोळंकेंना पुन्हा आमदार केलं. लोकसभेला मराठवाड्यातल्या आठपैकी सात जागा घेणाऱ्या महाविकास आघाडीला विधानसभेत 46 पैकी फक्त 5 मिळाल्या. टीव्हीवर याला 'लाट फिरली' म्हणतात.

बाजारातल्या एका शिंपीकाकांनी मला ते असं सांगितलं. लोकसभेला घरातली चारही मतं तुतारीला. आरक्षणाचा राग होता आणि सोयाबीनही होतं. हमीभाव 4,600 रुपये अन् बाजारात त्याहून कमी. विधानसभेला चारांची दोन-दोन झाली, कारण सुनेच्या आणि काकूंच्या खात्यात महिन्याला 1,500 यायला लागले होते. "म्या इचारलं न्हाई अन् त्यांनी सांगितलं न्हाई." आणि परवाच्या नगरपालिकेला? तिथे बटणं तीन होती, अध्यक्षाचं एक अन् नगरसेवकांची दोन. काकांनी एक मत भावकीला दिलं. दुसरं दिलं रात्री-अपरात्री दवाखान्याला गाडी काढणाऱ्या पोराला, त्याचा पक्ष कोणता ते त्यांना मला सांगताना आठवेना. तिसऱ्याचं नाव त्यांनी घेतलंच नाही, नुसते हसले.

लक्ष्मीदर्शनाबद्दल विचारू नका. सगळे म्हणतात 'पलीकडच्या गल्लीत झालं'.

माझी एक चूक सांगून ठेवतो. पहिल्या सकाळी हॉटेलात वही काढली. पाच मिनिटांत दोन टेबलं रिकामी झाली आणि मालकाने विचारलं, "साहेब, सर्व्हेवाले का तुम्ही?" वही बॅगेत ठेवा. 'मत कुणाला दिलं' हेही विचारू नका. 'यंदा इथं कोण कुणासोबत फिरत होतं' असं विचारलं की माणसं आपोआप बोलतात. आणि जातीचा विषय तुम्ही काढू नका, तिसऱ्या वाक्याला तो येतोच. एरवी मनमोकळं बोलणारी माणसं मस्साजोगचं नाव निघालं की आवाज खाली आणतात. तिथले सरपंच संतोष देशमुख यांच्या हत्येला तेव्हा नुकतंच वर्ष झालं होतं.

दुसरी चूक मोठी, आणि ती दुसऱ्या दिवशी तांड्यावर गेल्यावर कळली. निम्मी दारं बंद. डिसेंबरात इथले कोयते, म्हणजे ऊसतोड मजूर, पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात ऊस तोडत असतात. मी दोन दिवस ज्यांच्याशी बोललो ते सगळे मागे राहिलेले होते. दुकानदार, मास्तर, म्हातारे. 2024 ला विधानसभेचं मतदान 20 नोव्हेंबरला आणि कारखान्यांचं गाळप 15 नोव्हेंबरपासून, म्हणजे तेव्हाही अनेकांना उचल (मुकादमाची आगाऊ रक्कम) घेऊन निघायचं की मतासाठी थांबायचं हा हिशेब करावा लागला. ज्यांची मतं उमेदवाराला हवी असतात त्यांना गाडी येते. तुम्हाला यांच्याशी बोलायचं असेल तर पट्टा पडल्यावर, म्हणजे हंगाम संपल्यावर, एप्रिल-मेमध्ये जा. ऊन सहन करावं लागेल, पण गाव भरलेलं सापडेल.

तांड्यावर एका मावशींनी पाणी दिलं. मुलगा-सून कारखान्यावर, नातू यांच्याजवळ. मत द्यायला ते आले होते का, विचारलं.

"आले की. जीप आली हुती. सकाळी मत दिलं, पोराचा मुका घेतला, दुपारी परत."

कुणाची जीप, हे मी विचारलं नाही. साडेपाचची एसटी पकडायची होती.